घरात भाजीची रोपे करण्यासाठी एलईडी ग्रो लाइट: आधी ट्रे मोजा, मग दिवा घ्या

पावसाळी हंगामासाठी टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपे घरातच तयार करू पाहणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. बी उत्तम उगवते, तीन-चार दिवसांत रोप बोटभर उंच होते, आणि त्यानंतर त्याचे खोड पांढुरके, बारीक होऊन ते आडवे पडते. दोष बियाण्याला किंवा कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुशाला) दिला जातो. खरे तर रोपाला प्रकाश कमी पडलेला असतो. हे लक्षात आल्यावर घाईने एखादा जांभळा दिवा मागवला जातो, आणि पुढच्या खेपेलाही रोपे तशीच लांबतात, कारण खरेदीचा क्रम उलटा असतो: आधी दिवा घरी येतो आणि त्याच्याखाली काय व किती ठेवायचे हे नंतर ठरते. पुढील टप्पे त्याच क्रमाने पाळावेत, मधला एकही गाळू नये. उदाहरणासाठी पुणे-मुंबईकडील सदनिकेतील ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद अशी रॅकची एक फळी घेतली आहे; आकडे आपापल्या जागेप्रमाणे बदलावेत.

## टप्पा १: दिव्याची गरज आहे का, हे आधी ठरवा

ज्यांच्याकडे मोकळी गच्ची आहे आणि तिच्यावर रोज पाच-सहा तास ऊन येते, त्यांनी ग्रो लाइट घेऊ नये. त्यांना पावसाची झोड अडवणारे पारदर्शक छप्पर आणि कडक उन्हासाठी शेडनेट एवढे पुरते, आणि उन्हात वाढलेले रोप दिव्याखालच्या रोपापेक्षा नेहमीच काटक असते. दिवा हा बंद बाल्कनी, लोखंडी जाळीची खिडकी किंवा समोरच्या इमारतीची सावली असलेल्यांसाठी आहे.

खिडकीच्या दिशेबद्दल एक गैरसमज येथेच दूर करणे आवश्यक आहे. दक्षिणेची खिडकी म्हणजे भरपूर ऊन, ही समजूत डिसेंबर-जानेवारीपुरती खरी आहे. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे मृगाच्या सुमारास पेरणी करावी तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे थेट ऊन पोहोचतच नाही. त्यात ढग आले, की काचेच्या आत फूटभर अंतरावर प्रकाश बहुधा काही हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचे माप) वर जात नाही. आपल्या डोळ्यांना ती जागा लख्ख वाटते, कारण डोळा कमी प्रकाशाला सहज जुळवून घेतो. रोपाला ती सोय नाही.

ब्रिटन किंवा कॅनडात राहून फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरची-वांगी पेरणाऱ्या मराठी कुटुंबांना दिव्याची गरज याहून जास्त असते. त्यांच्यासाठी प्रकाशाचा हिशोब हाच राहतो. फक्त तापमानाची काळजी उलट दिशेने, म्हणजे ऊब टिकवण्यासाठी, घ्यावी लागते.

## टप्पा २: पिकांची यादी करा

दिव्याखाली काय ठेवायचे नाही, हे आधी निश्चित करावे. भेंडी, गवार, काकडी, दोडका, मुळा आणि गाजर थेट जागेवर पेरावीत. भेंडी आणि वेलवर्गीय भाज्यांच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही, आणि मुळा-गाजर स्थलांतर केल्यास फाटे फोडतात. मेथी, कोथिंबीर आणि पालकही येथे नकोत, कारण १५-१६ तासांच्या प्रकाशात ती पानांपेक्षा फुलोऱ्याकडे लवकर वळतात.

दिव्याखाली ठेवण्याजोगी पिके म्हणजे टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि लेट्यूस. प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे लहान कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, टोमॅटो, कोबी व फ्लॉवरची रोपे साधारण २१ ते २५ दिवसांत, वांग्याची ३० ते ३५ दिवसांत आणि मिरचीची ३५ ते ४० दिवसांत लावणीयोग्य होतात. दिवा किती आठवडे चालवायचा, हे यादीतील सर्वांत सावकाश पिकावरून ठरते, म्हणून हा आकडा लिहून ठेवावा. पुढे वीजबिलाच्या हिशोबात तो लागेल.

सावधान: कांद्याचे रोप याच फळीवर ठेवू नये. आपल्याकडील कांद्याचे वाण लहान दिवसाचे आहेत, म्हणजे ११-१२ तासांच्या दिवसातच ते गाठ धरू लागतात. १६ तासांच्या प्रकाशात ठेवलेले रोप पात्याइतके असतानाच बुडाशी फुगते, आणि लावल्यावर त्याचा कांदा पोसत नाही. कांदा करायचाच असेल, तर त्यासाठी वेगळी फळी आणि दहा तासांचा वेगळा टायमर ठेवावा.

## टप्पा ३: जागा मोजा, आणि ती चौरस मीटरमध्ये लिहा

९८ कप्प्यांचा नेहमीचा प्रो-ट्रे साधारण ५४ बाय २८ सेंटिमीटरचा असतो. घरगुती बागेला एवढी रोपे लागत नाहीत. एक पूर्ण ट्रे आणि शेजारी चार-सहा लहान कुंड्या एवढीच मांडणी बहुतेकांना पुरते, आणि ती आपल्या ६० बाय ४५ सेंटिमीटरच्या फळीवर बसते. मीटरमध्ये मांडल्यास ०.६ गुणिले ०.४५, म्हणजे ०.२७ चौरस मीटर.

फळीची उंचीही याच वेळी मोजावी. ट्रेची उंची, रोपाची वीसेक सेंटिमीटर वाढ आणि दिवा व रोप यांतील अंतर मिळून दोन फळ्यांमध्ये किमान ५० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पुस्तकांच्या कपाटात ती नसते, आणि कपाटाला दारे असल्यास उष्णता कोंडते. पत्र्याचा उघडा रॅक उत्तम.

## टप्पा ४: रोपाला लागणारा प्रकाश काढा

नेहमी चुकणारा टप्पा हाच आहे. बाजारात दिवा वॅटमध्ये विकला जातो. वॅट म्हणजे तो किती वीज खातो याचे माप, किती प्रकाश देतो याचे नव्हे. लुमेन आणि लक्स ही मापे माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो ते सांगतात, आणि डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला जास्त महत्त्व देतो. रोपासाठीचे माप वेगळे आहे: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला प्रकाशसंश्लेषणाच्या उपयोगाचे किती प्रकाशकण पडतात, याची मोजणी मायक्रोमोलमध्ये करतात. त्याला पीपीएफडी म्हणतात, आणि चांगल्या ग्रो लाइटच्या माहितीपत्रकात तो आकडा दिलेला असतो.

भाजीच्या रोपांसाठी १५० ते २५० मायक्रोमोलचा पल्ला योग्य आहे. मात्र केवळ तीव्रता पुरत नाही. दिवसभरात एकूण किती प्रकाश मिळाला, हे महत्त्वाचे. त्याला डीएलआय म्हणतात, आणि तो काढण्याची रीत सोपी आहे: पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६. म्हणजे २०० मायक्रोमोलचा दिवा १६ तास चालवल्यास ११.५, आणि १५० चा दिवा तितकेच तास चालवल्यास ८.६. रोपावस्थेत ८ ते १२ च्या दरम्यानचा आकडा चांगला. ६ च्या खाली टोमॅटो हमखास लांबतो.

घरात पीपीएफडी मोजण्याचे यंत्र कोणाकडे नसते आणि ते स्वस्तही नाही. पांढऱ्या एलईडीपुरता एक कामचलाऊ मार्ग असा, की लक्सच्या आकड्याला ७० ने भागावे. त्या हिशोबाने २०० मायक्रोमोल म्हणजे सुमारे १४,००० लक्स. रात्री दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली १५० लक्सच्या आसपास प्रकाश असतो, म्हणजे अवघे दोन मायक्रोमोल. छताच्या ट्यूबखाली ट्रे ठेवून रोपे का होत नाहीत, याचे उत्तर या आकड्यात आहे.

आता फळीचा हिशोब. ०.२७ चौरस मीटरवर २०० मायक्रोमोल हवेत, तर रोपांपर्यंत सेकंदाला ५४ मायक्रोमोल पोहोचले पाहिजेत. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश ट्रेवर पडत नाही. बाजूंना पांढरा पडदा असला तरी ३० टक्के वाया जातो असे धरावे. ५४ ला ०.७ ने भागल्यास ७७ येतात. म्हणजे दिव्यातून सेकंदाला सुमारे ७७ मायक्रोमोल निघावेत. हा आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नये आणि मोबाइलवर दिव्यांची यादीही उघडू नये.

पडताळा: फळीचे क्षेत्रफळ गुणिले अपेक्षित पीपीएफडी भागिले ०.७. हे तीन आकडे तुमच्याकडे नसतील, तर टप्पा ३ कडे परत जावे.

## टप्पा ५: दिव्याचा प्रकार निवडा

आपल्या फळीपुरते खरे पर्याय दोन आहेत.

पहिला, साध्या घरगुती एलईडी ट्यूब, म्हणजेच बॅटन. दोन फुटी, १० वॅटची, १००० लुमेनची पट्टी कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. १००० भागिले ७०, म्हणजे एका पट्टीतून सुमारे १४ मायक्रोमोल. ७७ साठी पाच ते सहा पट्ट्या लागतात, आणि त्यांचा एकूण वीजवापर ६० वॅटच्या आत राहतो. ६५०० केल्विनची, खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेली पट्टी घ्यावी. तिच्यात निळ्या प्रकाशाचा वाटा जास्त असतो आणि निळा प्रकाश रोपाला आखूड, जाड बुंध्याचे ठेवतो. पिवळसर 'वॉर्म' पट्टी स्वस्तात मिळाली तरी टाळावी. या पट्ट्यांवर 'ग्रो' असा शब्द छापलेला नसतो म्हणून लोकांना त्या कमी प्रतीच्या वाटतात. रोपाला खोके वाचता येत नाही.

दुसरा, पांढऱ्या एलईडींचा सपाट बोर्ड, ज्यात थोडे लाल एलईडीही असतात. चांगला बोर्ड एका वॅटला सेकंदाला अडीच मायक्रोमोल देतो, तर साधी पट्टी १.४ च्या आसपास. म्हणून ७७ मायक्रोमोलसाठी ३० ते ३५ वॅटचा बोर्ड पुरतो. त्याची किंमत जास्त असते, पण वीज जवळजवळ निम्मी लागते.

कोणता घ्यावा, हे वापराच्या काळावर ठरते. ६० वॅट १६ तास चालवल्यास रोज ०.९६ युनिट, महिन्याला सुमारे २९ युनिट. ३२ वॅटला महिन्याला १५ युनिट. फरक १४ युनिटांचा. ही वाढीव युनिटे तुमच्या बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजावीत, सरासरी दराने नव्हे. वर्षातून एक-दोन वेळा, पाच-सहा आठवडे रोपे करणाऱ्याने पट्ट्याच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा महिने लेट्यूस किंवा रोपे करणाऱ्याने बोर्डवर खर्च करावा.

जांभळ्या दिव्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. लाल आणि निळा प्रकाश प्रकाशसंश्लेषणात अधिक उपयोगी पडतो, हे खरे आहे, आणि अशा दिव्याखाली रोपे वाढतातही. परंतु पांढऱ्या एलईडीत निळा व लाल दोन्ही असतातच, कारण तो मुळात निळा एलईडी असून त्यावरील लेपामुळे बाकीचे रंग तयार होतात. जांभळ्या प्रकाशात पान पिवळे पडले आहे की नाही, बुंध्याशी काळपट डाग आहे की नाही, हे दिसत नाही. रोग दोन दिवस उशिरा कळतो, आणि रोपवाटिकेत दोन दिवस पुष्कळ होतात. शिवाय लक्समीटर त्याच्याखाली निरुपयोगी ठरतो, त्यामुळे दिवा कमी पडतो आहे की जास्त, हे तपासण्याचा स्वस्त मार्गच बंद होतो. बाल्कनीतला तो रंग पाहून सोसायटीत होणारी चौकशी हा आणखी एक मुद्दा.

होल्डरमध्ये बसणारा गोल बल्ब एखाद्या कुंडीला पुरतो. ट्रेच्या मध्यभागी झगझगाट आणि कोपऱ्यांत अंधार, असे त्याचे होते. चिमट्याने टेबलाला अडकवायचे, वाकत्या मानेचे दिवे तर रोपांसाठी घेऊच नयेत. त्यांच्या जाहिरातीत ८० किंवा १०० वॅट लिहिलेले असते. सोबतच्या वायरीवर मोबाइल चार्जरचा यूएसबी जोड असतो. अशा जोडाच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात ५ व्होल्ट, २ अँपिअर छापलेले दिसते. या दोन आकड्यांचा गुणाकार १०, म्हणजे तो दिवा १० वॅटहून अधिक वीज ओढूच शकत नाही, मग त्याला दोन माना असोत की चार.

## टप्पा ६: लेबल वाचा, आणि मगच पैसे द्या

खोक्यावर किंवा माहितीपानावर पुढील गोष्टी शोधाव्यात, आणि याच क्रमाने शोधाव्यात.

१. प्रत्यक्ष वीजवापर किती वॅट. '१००० वॅटच्या दिव्याइतका' ही भाषा बाजूला ठेवावी. 'इतका' शब्द आला की तो आकडा हिशोबात धरायचा नाही.

२. पट्टी असल्यास लुमेन. ग्रो लाइट असल्यास सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल. दोन्हींपैकी काहीच दिलेले नसेल, तर तो दिवा सोडून द्यावा.

३. पीपीएफडी दिला असेल, तर किती उंचीवरून आणि कोणत्या बिंदूवर मोजला आहे. केवळ मध्यबिंदूचा आकडा फसवा असतो. चांगला विक्रेता पूर्ण क्षेत्राचा चौकटींचा नकाशा देतो.

४. बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक, आणि दिवा धातूचा असल्यास तीन पिनांची वायर.

५. पाण्यापासून संरक्षणाचा आयपी दर्जा. आयपी ६५ असल्यास उत्तम; साध्या घरगुती पट्ट्यांना तो नसतो, म्हणून त्यांच्याखाली स्प्रेने पाणी मारायचे नाही, ट्रेला खालून पाणी द्यायचे, एवढी शिस्त पाळावी.

सावधान: जंतुनाशक किंवा अतिनील प्रकाशाचे दिवे रोपांसाठी वापरू नयेत. ते रोपांना आणि डोळ्यांना दोघांनाही अपायकारक आहेत.

## टप्पा ७: पेरणीच्या आठवडाभर आधी मांडणी पूर्ण करा

पट्ट्या फळीच्या ६० सेंटिमीटर बाजूला समांतर, एकमेकींपासून आठ-नऊ सेंटिमीटर अंतरावर, एका प्लायच्या तुकड्यावर बसवाव्यात आणि तो तुकडा वरच्या फळीला बारीक साखळीने टांगावा. साखळीची कडी बदलली की उंची बदलते. ज्यांना टांगण्याचा खटाटोप नको, त्यांनी दिवे वर पक्के बसवून ट्रेच विटांवर उचलावा आणि रोपे वाढतील तसतशा विटा काढाव्यात, परिणाम तोच.

पट्ट्यांसाठी रोपाच्या शेंड्यापासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. बोर्ड जास्त प्रखर असल्याने तो ३५ ते ४५ सेंटिमीटरवरून सुरू करावा. मंद करण्याचे बटण असल्यास अर्ध्यावर ठेवून हळूहळू वाढवावे.

बाजूंना पांढरा थर्माकोल किंवा पांढरा रंग दिलेला पुठ्ठा उभा करावा. चमकदार चांदी कागद चुरगळला की प्रकाश एका जागी गोळा करतो, त्यापेक्षा साधा पांढरा पृष्ठभाग बरा. तिन्ही बाजू बंद, समोरची बाजू उघडी आणि वर-खाली हवा खेळण्यास फट, अशी रचना असावी.

वीजजोडणीत हयगय करू नये. एक्स्टेन्शन बोर्ड ट्रेच्या पातळीच्या वर, भिंतीला टांगलेला असावा. वायर आधी खाली झोल देऊन मग बोर्डकडे वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोलाच्या तळाशी थेंबथेंब गळून जाते आणि प्लगपर्यंत पोहोचत नाही. लोखंडी रॅकला अर्थिंग द्यावे आणि घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. एलईडी बोर्डचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, वेगळा असेल, तर तो रॅकच्या बाहेर बसवावा, तो तापतो.

टायमर घेताना वीज जाण्याचा विचार करावा. चाकाचा, पिना दाबायचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो, त्यामुळे आठवड्यातून चार तास वीज जाणाऱ्या भागात दिव्याची वेळ चार तासांनी सरकते. तेथे आतील बॅटरीचा डिजिटल टायमर घ्यावा. स्मार्ट प्लग वापरणाऱ्यांनी वीज परत आल्यावर तो चालू स्थितीत येतो की बंद, हे एकदा मुख्य बटण बंद-चालू करून पाहावे.

टायमर १५ ते १६ तासांवर लावावा. प्रकाश कमी पडतो म्हणून दिवा चोवीस तास चालू ठेवणे ही फार प्रचलित चूक आहे. टोमॅटोची पाने अखंड प्रकाशात पिवळी पडून खराब होतात. त्याला रोजचा अंधार लागतोच.

पडताळा: रिकाम्या फळीवर दिवे दोन तास चालू ठेवावेत. शेंडे जिथे येणार त्या उंचीवर मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत लक्स मोजावेत. मध्यभागी १२,००० ते १५,००० आणि कोपऱ्यांत त्याच्या किमान दोनतृतीयांश आकडा मिळाला, तर मांडणी जमली. मोबाइलच्या ॲपने मोजणार असाल, तर आधी तो फोन स्वच्छ दुपारच्या उन्हात धरून पाहावा. तेथे लाखाच्या आसपास आकडा यायला हवा. तो तीस-चाळीस हजारांतच अडकला, तर त्या फोनवर विश्वास ठेवू नये आणि साधे लक्समीटर मागून आणावे. याच दोन तासांनंतर ट्रेच्या जागेवर थर्मामीटर ठेवून तापमानही बघावे. ३२ अंशांच्या वर जात असेल, तर लहान पंख्याची सोय आधी करावी.

## टप्पा ८: पेरणी, आणि दिवा लावण्याचा नेमका क्षण

कोकोपीट धुतलेले, क्षार कमी असलेले घ्यावे. ते मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटींतून पाण्याचे एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोलीवर टाकून ट्रे झाकून ठेवावा. २५ ते ३० अंश तापमानात फ्लॉवर-कोबी चार-सहा दिवसांत, टोमॅटो पाच-आठ दिवसांत आणि मिरची आठ-चौदा दिवसांत उगवते. या काळात या पिकांना प्रकाश लागत नाही. लेट्यूस मात्र याला अपवाद आहे. त्याचे बी पृष्ठभागावरच टाकून पहिल्या दिवसापासून प्रकाशात ठेवावे.

तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून वाकून पाहावे. सुरुवातीला कोकोपीट एखाद्या कप्प्यात किंचित उचललेले दिसते, मग त्यातून खोडाचा फिकट, वाकलेला दुमड वर येतो. पाने अजून आतच असतात, कित्येकदा बियाचे टरफल त्यांना चिकटलेले असते. दिवा लावण्याचा क्षण हाच. दोन्ही दले, म्हणजे बियातून निघणारी पहिली दोन पाने, उघडून हिरवी होईपर्यंत थांबणारे एक रात्र गमावतात, आणि त्या एका रात्रीत अंधारात खोड जितके लांबते ते पुढे कितीही प्रकाश दिला तरी आखूड होत नाही. ट्रेमध्ये चार-पाच दुमड दिसले, की उरलेल्या बियांची वाट न पाहता झाकण काढून ट्रे दिव्याखाली न्यावा. म्हणूनच टोमॅटो आणि मिरची एकाच ट्रेत पेरू नयेत: टोमॅटोला प्रकाश हवा असतो तेव्हा मिरचीला अजून आठवडाभर ऊब आणि झाकण हवे असते.

## टप्पा ९: रोपाकडे पाहून दिवा सुधारा

हिशोब कितीही नेटका असला, तरी शेवटचा निर्णय रोपाकडे पाहून घ्यावा लागतो.

दलांखालचे खोड रोज लांबत असेल, तर दिवा तीन-चार सेंटिमीटरने खाली आणावा आणि तापमान पाहावे. उष्णता आणि कमी प्रकाश एकत्र आले की रोप सर्वांत वेगाने लांबते. त्यामुळे मे महिन्यात तोच दिवा अपुरा वाटतो. शेंड्याची पाने वरच्या बाजूस वळत असतील किंवा त्यांवर पांढुरके चट्टे येत असतील, तर दिवा वर घ्यावा. कडेची रोपे आत झुकत असतील, तर कोपऱ्यांत प्रकाश कमी आहे. ट्रे दर दोन दिवसांनी फिरवावा.

रोप बुंध्याशी पाणचट, काळपट होऊन मान टाकत असेल, तर तो दिव्याचा दोष नव्हे. तो जास्त ओलाव्यामुळे येणारा रोपे कोलमडण्याचा रोग आहे. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असल्याने तो फार लवकर पसरतो. पाणी तोडावे, कोलमडलेली रोपे कप्प्यातील कोकोपीटसह काढून टाकावीत आणि लहान पंख्याचा हलका झोत रोपांवरून जाऊ द्यावा. हा झोत रोग नसतानाही रोज काही तास असावा, कारण हलणारे रोप जाड खोड धरते.

पहिले खरे पान आल्यावर खत सुरू करावे. कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसते. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात, आठवड्यातून एकदा पुरते. खत न देता केवळ प्रकाश वाढवल्यास दले पिवळी पडतात आणि दोष पुन्हा दिव्यावर येतो.

एखादी खेप लांबलीच, तर टोमॅटोची रोपे टाकून देऊ नयेत. त्याच्या खोडाला मुळे फुटतात, म्हणून दलांपर्यंत खोल लावल्यास ते सावरते. मिरची आणि वांग्याबाबत हा उपाय भरवशाचा नाही. ती नव्याने पेरलेली बरी.

## टप्पा १०: उन्हाची सवय लावा

दिव्याखाली २०० मायक्रोमोलमध्ये वाढलेले रोप दुपारच्या उन्हात नेले, तर त्याच्यावर एकदम दीड ते दोन हजार मायक्रोमोल पडतात, आणि सोबत दिव्यात नसलेले अतिनील किरणही. एका दुपारीच पाने कागदासारखी पांढरी पडतात. म्हणून लावणीच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करावी: पहिले दोन दिवस फक्त सकाळचे कोवळे ऊन तासभर, मग रोज तासाभराने वाढ, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून शेडनेटखाली पूर्ण दिवस. पाणी या काळात थोडे कमी द्यावे, पण ट्रे सुकू देऊ नये. बाहेरच्या वाऱ्यात ९८ कप्प्यांचे लहान कप्पे दुपारपर्यंत कोरडे होतात.

पावसाळ्यात येथे एक विशेष अडचण येते. चार दिवस ढग असतात, रोपे बाहेर निवांत दिसतात, आणि पाचव्या दिवशी अचानक कडक ऊन पडते. ढगाळ दिवस सवयीच्या हिशोबात धरू नयेत. प्रत्यक्ष ऊन मिळालेले दिवसच मोजावेत, आणि तोपर्यंत शेडनेट काढू नये. लावणी संध्याकाळी करावी, आणि त्याआधी तासभर ट्रेला भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळांचा गड्डा न फुटता कप्प्यातून सुटतो.

रोपे बाहेर गेल्यावर दिव्यांचा प्लग काढून पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. धूळ आणि खताच्या पाण्याचे शिंतोडे यांमुळे प्रकाश कमी होतो. म्हणून पुढच्या खेपेला पेरणीपूर्वी टप्पा ७ मधील लक्सची मोजणी पुन्हा करावी, आणि मधल्या काळात एखादी पट्टी मंद झाली असेल, तर तेवढीच बदलावी.